इट्राकोनाझोल तोंडी द्रावण, १० मिग्रॅ/मिली : सायक्लोडेक्स्ट्रिन कमी केलं की साका बसतो, वाढवलं की जुलाबाची भीती. मार्ग काय?

द्रावण_टेबल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. इट्राकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाचं तोंडी घ्यायचं द्रावण प्रयोगशाळेच्या पातळीवर चालू आहे. अजून कोणाला द्यायचं नाही, फक्त स्थिरतेचे बॅच आहेत. बाजारातल्या मूळ द्रावणात दर मिलीला ४०० मिग्रॅ हायड्रॉक्सीप्रोपिल बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजच्या माळेचा कपासारखा रेणू, औषधाला कपात धरून पाण्यात विरघळवतो) आहे आणि जुलाब, पोटात मुरडा ही त्याची नेहमीची तक्रार. म्हणून प्रमाण ३०% वर आणलं. १०० मिलीचा घाट असा :

इट्राकोनाझोल १ ग्रॅम, सायक्लोडेक्स्ट्रिन ३० ग्रॅम, प्रोपिलीन ग्लायकॉल २.५ मिली, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल १ मिली, सॉर्बिटॉल ७०% द्रावण २० मिली, मिथाइलपॅराबेन ०.१८%, प्रोपिलपॅराबेन ०.०२%, सोडियम सॅकरिन, चेरी स्वाद. शेवटी सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ४.५, पाण्याने १०० मिली.

पहिल्या दिवशी द्रावण काचेसारखं स्वच्छ. ८–१० दिवसांनी २५ अंशांवरच्या बाटल्यांच्या तळाशी बारीक पांढरा साका. हलवला की भिंग लावून सुया दिसतात. गाळून तपासलं तर औषधाचं प्रमाण ८०% च्या खाली गेलेलं.

तीन प्रश्न आहेत. साका नेमका कशामुळे? सायक्लोडेक्स्ट्रिन ४०% खाली आणताच येत नाही का? आणि येत नसेल, तर पोटाला सोसेल असं द्रावण करायचं कसं?

---

विद्राव्यता

तुमच्या घाटात एक नाही, चार ठिकाणी गळती आहे. मोठ्यापासून सुरुवात करतो.

पहिली गळती पीएचची. इट्राकोनाझोलचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू आयनित असतात तो आकडा, ३.७ च्या आसपास आहे. पीएच २ ला त्याचे जवळजवळ ९८% रेणू आयनित असतात, पीएच ४.५ ला जेमतेम १४%. साध्या पाण्यात, उदासीन पीएचला हे औषध मिलीला सुमारे १ नॅनोग्रॅम विरघळतं आणि ०.१ नॉर्मल आम्लात मिलीला ४–६ मायक्रोग्रॅम. म्हणजे नुसत्या आम्लानेही पल्ला १० मिग्रॅपासून दीड-दोन हजार पटींनी कमी पडतो, आणि नुसतं सायक्लोडेक्स्ट्रिनही एकट्याने हा भार ओढत नाही. दोघांनी जोडीने ओढायचं असतं. तुम्ही एकाच वेळी दोन्ही बैलांचा दोर सैल सोडलात.

४.५ हा आकडा तुम्ही बहुधा इंजेक्शनच्या माहितीपत्रकातून उचलला. शिरेतून द्यायचं म्हणून तिथे पीएच वर नेला होता, पण सायक्लोडेक्स्ट्रिन मात्र मिलीला ४०० मिग्रॅच ठेवलं होतं. तोंडी द्रावणाचा ठरवलेला पीएच २ आहे. तोंडी द्रावणासाठी ४.५ वर जाण्याचं काही कारणच नाही. पोटात तसंही आम्लच आहे.

दुसरी गळती ३०% ची, आणि ती दिसते त्याहून मोठी आहे. हिगुची आणि कॉनर्स यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या पद्धतीने, सायक्लोडेक्स्ट्रिन वाढवत नेलं की औषध किती विरघळतं याचा आलेख काढलात तर इट्राकोनाझोलची रेघ सरळ जात नाही, वर वळत जाते. याला ए-पी प्रकार म्हणतात. एका औषधाच्या रेणूला एकाहून जास्त सायक्लोडेक्स्ट्रिन धरून ठेवतात, म्हणून असं होतं. इट्राकोनाझोल हा लांबट रेणू आहे, रेणुभार ७०५. एका कपात तो मावत नाही. सरळ रेघ असती तर ४० चं ३० केल्यावर विद्राव्यता पाऊण झाली असती. वर वळणाऱ्या रेघेवर ती त्याहून बरीच खाली घसरते. मोलमध्ये पाहिलं तर ४०% म्हणजे सुमारे ०.२८ मोलर, औषध ०.०१४ मोलर. एका रेणूमागे वीस कप आहेत आणि तरीही ते 'भरपूर' नाहीत.

तिसरी गळती वजनाची. तुमचे ३० ग्रॅम कोरडे होते का? ही पावडर हवेतलं पाणी ओढते. औषधकोश १०% पर्यंत पाणी चालवून घेतो. पिशवी चारदा उघडली असेल तर ६–७% सहज निघतं. तसं असेल तर तुमचं ३०% प्रत्यक्षात २८% आहे. दर वेळी कार्ल फिशर चाचणीने पाण्याचं प्रमाण मोजा आणि कोरड्या वजनावर हिशोब करा. आणि टक्केवारी वजन/आकारमान अशीच धरा. ४०% द्रावणाची घनता पाण्याहून चांगलीच जास्त असते. १०० ग्रॅम द्रावणात ४० ग्रॅम आणि १०० मिली द्रावणात ४० ग्रॅम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा घोळ फार ठिकाणी होतो.

चौथी गळती पॅराबेनची, म्हणजे संरक्षकाची. मिथाइलपॅराबेन ०.१८% म्हणजे सुमारे १२ मिलीमोलर, प्रोपिलचा १ धरून १३. तुमचं औषध १४ मिलीमोलर. म्हणजे औषधाइतकेच पाहुणे त्याच कपांच्या रांगेत उभे केलेत, आणि पॅराबेन आकाराने लहान, ते सहज आत शिरतात. दोन्हीकडून तोटा होतो : औषधाचे कप जातात आणि कपात बसलेलं पॅराबेन जंतू मारत नाही. पीएच २ आणि ४०% सायक्लोडेक्स्ट्रिन या माध्यमात जंतूंना फारशी मुभा नसते. संरक्षकाविना जंतूरोधक चाचणी लावून बघा, आणि ती नापास झाली तरच दुसरा विचार करा. चेरी स्वादातले तेलकट रेणूही तसेच आत जातात, त्यामुळे स्वाद फिका लागतो आणि हात आपोआप जास्त घालायला जातो. स्वाद आधी चाखून ठरवू नका, सायक्लोडेक्स्ट्रिनसकट द्रावणात ठरवा.

तो साका खरंच औषधाचा आहे ना, तेही बघा. गाळा, थोड्या गार पाण्याने धुवा, वाळवा. वितळण १६६ अंशांजवळ आलं तर मुक्त औषध. वेगळं आलं तर कदाचित हायड्रोक्लोराइड क्षार असेल. तुम्ही आम्ल १ मिली घातलंय, ते गरजेच्या अडीच पट आहे. जास्तीच्या आम्लाला मारायला सोडियम हायड्रॉक्साइड जास्त, त्यातून मीठ जास्त, आणि क्लोराइड वाढलं की क्षार खाली बसायला मदत. १० मिग्रॅ/मिलीला तीव्र आम्ल मिलीमागे ३.८ मायक्रोलिटर पुरतं, म्हणजे १०० मिलीला ०.३८ मिली. हे औषधाच्या मोलच्या साधारण तिप्पट होतं.

---

जठराग्नी

वरचं सगळं बरोबर आहे. पण मूळ प्रश्न पोटाचा होता, म्हणून त्या बाजूने थोडा हिशोब मांडतो. तो बहुतेक वेळा कोणी करतच नाही आणि कुऱ्हाड थेट सायक्लोडेक्स्ट्रिनवर पडते.

२०० मिग्रॅ औषध म्हणजे २० मिली द्रावण. मूळ ४०% घाटात त्यात ८ ग्रॅम सायक्लोडेक्स्ट्रिन. रेणुभार सुमारे १४००, म्हणजे ५.७ मिलीमोल. आतड्यातल्या रसाची परासरता (विरघळलेल्या कणांची पाणी धरण्याची ताकद) लिटरमागे २९० मिलिऑस्मोलजवळ धरली तर हे रेणू स्वतःच्या बळावर सुमारे २० मिली पाणी धरून ठेवतील. बस्स, एवढंच.

आता तुमचं सॉर्बिटॉल. १०० मिलीला ७०% द्रावण २० मिली, तर २० मिलीच्या मात्रेत ४ मिली, म्हणजे ३.६ ग्रॅम सॉर्बिटॉल. रेणुभार १८२. झाले २० मिलीमोल. ते धरतं जवळपास ७० मिली पाणी. सॉर्बिटॉलचा काही भाग शोषला जातो हे खरं, पण सावकाश आणि माणसागणिक कमीजास्त.

सायक्लोडेक्स्ट्रिन ४० चं ३० करून तुम्ही वाचवलेत १.४ मिलीमोल, म्हणजे ५ मिली पाणी. त्यासाठी अख्खं द्रावण बिघडवलंत. आणि त्याच बाटलीत ४०% सायक्लोडेक्स्ट्रिनच्याही साडेतिप्पट ताणाचं सॉर्बिटॉल आहे तसंच ठेवलंत. आधी सॉर्बिटॉल काढा.

गोडीसाठी सुक्रोज नको. पीएच २ ला ते तुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि रंग चढतो. अस्पार्टेमही आम्लात टिकत नाही. सॅकरिन टिकतं, पण त्याची कडवट शेपूट या औषधाच्या कडवटपणात मिसळते. सुक्रालोज ०.१ ते ०.२% पासून चढवत जा. दाटपणा हवा असेल तर थोडं ग्लिसरीन. ते बहुतांशी शोषलं जातं.

एक सावधगिरी. ५.७ मिलीमोल ही फक्त लहान आतड्यापर्यंतची गोष्ट. हे सायक्लोडेक्स्ट्रिन तिथे फारसं पचत नाही, शोषलं तर फारच थोडं जातं, आणि मोठ्या आतड्यात जंतू त्याचा कप फोडतात. सात ग्लुकोजची माळ तुटली की कणांची संख्या वाढते, वायू होतो, मुरडा येतो. म्हणून जुलाब बऱ्याच वेळा काही तासांनी लागतात, घेतल्या घेतल्या नाही. आणि म्हणूनच एकदम ८ ग्रॅम देण्यापेक्षा सकाळी १० मिली, संध्याकाळी १० मिली असं दिलेलं पोटाला बरं पडतं. २० मिलीची मात्रा दोन वेळांत वाटून देण्याची सोय मूळ माहितीपत्रकांतही आहे.

मर्यादेचा आकडाही ध्यानात ठेवा. युरोपीय औषध संस्थेने तोंडी सायक्लोडेक्स्ट्रिनसाठी दिवसाला किलोमागे २०० मिग्रॅ ही पायरी ठरवली आहे. त्यावर गेलं तर पचनाच्या तक्रारींची सूचना माहितीपत्रकात लागते. ६० किलोच्या माणसाला ८ ग्रॅम म्हणजे किलोमागे १३३ मिग्रॅ, पायरीच्या आत. दिवसाला ४०० मिग्रॅ औषध दिलं की १६ ग्रॅम, किलोमागे २६७. पायरी ओलांडली. आणि लहान मुलांचं बघा : १ मिग्रॅ औषधासोबत ४० मिग्रॅ सायक्लोडेक्स्ट्रिन जातं, म्हणून किलोमागे ५ मिग्रॅ मात्रा दिली की बरोबर २०० वर येतं. मूल कितीही किलोचं असो. तुमचं द्रावण लहान मुलांसाठी असेल तर हा आकडा पहिल्या पानावर लिहून ठेवा.

प्रोपिलीन ग्लायकॉलची चिंता इथे नको. २० मिलीत अर्धा ग्रॅम, प्रौढांसाठी नगण्य. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र मर्यादा दिवसाला किलोमागे ५० मिग्रॅ आहे, आणि नवजातांना १ मिग्रॅ. ५ मिग्रॅ/किलो मात्रेला ते सुमारे १२.५ मिग्रॅ जातं, म्हणजे नवजातांना हे द्रावण चालणारच नाही, बाकीच्यांना चालेल.

---

विद्राव्यता

जठराग्नी यांचा सॉर्बिटॉलचा हिशोब मला सुचला नव्हता. मान्य आहे, पहिला घाव तिथेच घालावा.

आता कृती. घाट कितीही नेटका असला तरी हे द्रावण बिघडतं ते मिसळण्याच्या क्रमात. १०० मिलीसाठी :

कोरड्या वजनाने ४० ग्रॅम सायक्लोडेक्स्ट्रिन ५० मिली पाण्यात. पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरीवर नाही, आणि उप्पीट करताना रवा सोडतो तशी, एका हाताने ढवळत, थोडी थोडी. एकदम ओतली तर बाहेरून चिकट आणि आतून कोरडे गोळे होतात, ते फुटायला तास जातो. पाणी ४० अंशांपर्यंत कोमट चालेल. लक्षात ठेवा, ४० ग्रॅम पावडर विरघळल्यावरही सुमारे २७–२८ मिली जागा खाते. ७० मिली पाणी घेऊन बसलात तर शेवटी आम्ल-क्षाराला जागाच उरणार नाही.

दुसऱ्या भांड्यात प्रोपिलीन ग्लायकॉल २.५ मिली, त्यात तीव्र आम्ल ०.३८ मिली. धूरपेटीत, हातमोजे घालून. ५०–६० अंशांवर आणा, त्याहून वर नाही, आणि अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका. त्यात औषध चाळून, थोडं थोडं. आधी घट्ट लगदा होतो, मग तो सैल होत पिवळसर आणि पारदर्शक व्हायला लागतो. इथे कण शिल्लक राहिले तर पुढे जाऊ नका. जे कण इथे विरघळले नाहीत ते पुढे दहाव्या दिवशी बीज बनून परत येतात.

मग हा पिवळा रस सायक्लोडेक्स्ट्रिनच्या द्रावणात, बारीक धारेने, ढवळणं चालू ठेवून. उलटं करू नका. पाण्याचा पहिला थेंब औषधाच्या रसात पडला की तिथे ना पुरेसं आम्ल उरतं ना कप आलेले असतात, आणि औषध पांढरं होऊन बसतं. दोन ते चार तास ढवळा. काळ्या आणि पांढऱ्या पाटीसमोर उजेडात धरून बघा.

सगळ्यात नाजूक काम सोडियम हायड्रॉक्साइडचं. तीव्र वापरू नका, ०.५ नॉर्मल करा आणि थेंब थेंब, भोवऱ्याच्या मध्यात. जवळून पाहिलंत तर कळेल : थेंब पडतो तिथे क्षणभर दुधाचा ढग उठतो. त्या थेंबाभोवती पीएच ८–१० असतो, औषध तिथल्या तिथे बाहेर पडतं आणि भोवरा त्याला परत आम्लात ओढून नेतो. ढग तीन-चार सेकंदांत विरला तर ठीक. रेंगाळायला लागला तर थांबा, पूर्ण स्वच्छ होऊ द्या, मगच पुढचा थेंब. घाईत एकदम ओतलं तर द्रावण वरून स्वच्छ दिसतं, पण डोळ्यांना न दिसणारे स्फटिक त्यात पोहत राहतात. तुमचे ८–१० दिवस मला तसलेच वाटतात. थांबायचं पीएच २.० ला, जास्तीत जास्त २.१. इतक्या दाट द्रावणात इलेक्ट्रोड हळू स्थिरावतो, म्हणून दोन मिनिटं थांबून आकडा लिहा.

पाण्याने १०० मिली करा, ०.४५ मायक्रॉनमधून गाळा. गाळणीचा कागद फेकू नका, सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात बघा. त्यावर चमकणारं काही दिसलं तर बॅच परत ढवळायला घ्या.

---

पेलेटघर

एक वेगळा प्रश्न. द्रावणच का? आपल्याकडे नायट्यासाठी जवळजवळ सगळं इट्राकोनाझोल कॅप्सूलमधल्या पेलेटमधूनच (औषधाचा थर चढवलेल्या बारीक दाण्यांतूनच) जातं, आणि तिथे सायक्लोडेक्स्ट्रिनचा एक कणही लागत नाही. पोटाला सोसण्याच्या दृष्टीने तो मार्ग सरळ आहे.

रचना साधी आहे. १०० मिग्रॅच्या कॅप्सूलमध्ये साखरेचे गोल दाणे (२५–३० मेश) सुमारे १९२ मिग्रॅ, त्यावर औषध १०० आणि एचपीएमसी (हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइलसेल्युलोज, पाण्यात विरघळणारा बहुवारिक) १५० यांचा एकजीव थर, वरून पॉलिइथिलीन ग्लायकॉल २०००० चा पातळ लेप. डायक्लोरोमिथेन आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात औषध आणि एचपीएमसी विरघळवून वुर्स्टर फवाऱ्याने (दाणे हवेत उडवत खालून फवारून) थर चढवतात. औषध स्फटिक न होता एचपीएमसीत अडकून बसतं. आम्लात सुटताना ते समतोल विद्राव्यतेच्या वीसेक पट वर जातं (९०० मिलीत १०० मिग्रॅ म्हणजे मिलीला १११ मायक्रोग्रॅम, समतोल ४–६) आणि एचपीएमसी त्याला काही काळ खाली बसू देत नाही.

बिघडतं कुठे? फवारा ओला झाला की दाणे जोडीने चिकटतात, कोरडा झाला की थर चढण्याआधीच भुकटी होऊन गाळणीत जातो. औषध-एचपीएमसी गुणोत्तर १:१ वर आणून पैसे वाचवले की सहा महिन्यांत विरघळण घसरते, कारण स्फटिक परतायला वाट मिळते. आणि विद्रावकाचे अवशेष : डायक्लोरोमिथेन ६०० पीपीएम, मिथेनॉल ३००० पीपीएम या मर्यादा. वरचा लेप चढवल्यावर वाळवत बसलात तर विद्रावक आत कोंडतो. लेपाआधी वाळवा.

पेलेट विकत घेऊन भरणाऱ्यांसाठी : '२२% पेलेट' असं लिहिलेलं असलं तरी भरायचं वजन त्या लॉटच्या तपासणीवर काढा. २२.० ला ४५५ मिग्रॅ, २१.२ ला ४७२ मिग्रॅ. पाटीवरच्या आकड्यावर भरलं तर कॅप्सूल ३–४% कमी जाते.

---

द्रावण_टेबल

सगळ्यांचे आभार. पेलेटघर, द्रावणच हवं आहे, कारण ते तोंडातल्या बुरशीसाठी आणि गिळता न येणाऱ्यांसाठी आहे. नळीतूनही जायला हवं.

सायक्लोडेक्स्ट्रिनचं पाणी मोजलं : ६.४%. म्हणजे माझं ३०% खरोखर २८% च होतं. सॉर्बिटॉल आणि पॅराबेन काढून, पीएच २ ला नवीन बॅच लावतोय. पण उत्सुकता आहे : पीएच २ ला तरी ३५% चालेल का? आणि पोटातून आतड्यात गेल्यावर काय होतं ते बाटलीबाहेर कसं तपासायचं?

---

विद्राव्यता

३५% चं उत्तर अंदाजाने देऊ नये, आलेख काढा. ०, ५, १०, २०, ३०, ३५, ४०% अशी द्रावणं, पीएच २.०, ३.० आणि ४.५ ला. प्रत्येकात औषध जास्तीचं, २५ अंशांवर ७२ तास हलवत. दर दिवशी पीएच बघून परत जागेवर आणा. औषध विरघळेल तसा पीएच वर सरकतो, आणि हे न करणाऱ्यांचे आलेख वाकडे येतात. मग गाळून मोजा. गाळणीला हे औषध चिकटतं, म्हणून पहिले ३–४ मिली टाकून द्या, आणि गाळल्या गाळल्या मिथेनॉलमध्ये पातळ करा. मोजणी २६३ नॅनोमीटरच्या आसपास. खाली उरलेला घन पदार्थही तपासा, तो क्षार असेल तर तुम्ही भलत्याच गोष्टीची विद्राव्यता मोजलीत.

बाटलीत १० मिग्रॅ ठेवायचे तर आलेखावर निदान १२ हवेत. १०.३ वर समाधान मानू नका. थंडीत, वाहतुकीत आणि सायक्लोडेक्स्ट्रिनच्या लॉटबदलात ते जातं. लॉटबदल म्हणजे प्रतिस्थापनाचं प्रमाण, कपातल्या दर ग्लुकोजमागे जोडलेले हायड्रॉक्सीप्रोपिल गट. औषधकोश ०.४० ते १.५० इतका मोठा पट्टा देतो आणि त्या पट्ट्यात धरण्याची ताकद बदलते. पुरवठादाराशी ०.६ ते ०.७ असा आखूड पट्टा लिहून घ्या.

थोडं एचपीएमसी (०.१ ते ०.२%) घातल्याने कपांची धरण्याची ताकद थोडी सुधारते, पण त्याच्या भरवशावर ४० चं २५ होणार नाही. शिवाय पीएच २ ला एचपीएमसी महिन्यांगणिक तुटत जातं. ३५% जमवायला त्याचा हातभार लागू शकतो, एवढंच धरून चाला.

आतड्याची तपासणी : ५ मिली द्रावण ३७ अंशांवरच्या ४५ मिली ०.०१ नॉर्मल आम्लात, १५ मिनिटांनी त्यात ५० मिली दुप्पट तीव्रतेचा फॉस्फेट बफर. शेवटचा पीएच ६.५ ते ६.८ ला येतो का ते आधी औषधाविना जमवून घ्या. मग ५, १५, ३०, ६०, १२० मिनिटांना नमुने. नमुना ०.२ मायक्रॉनमधून लगेच गाळून लगेच पातळ करायचा. परीक्षानळीत दोन मिनिटं पडून राहिला तरी आकडा बदलतो. इथे साका पडणारच, कारण वर वळणाऱ्या रेघेवर वीस पट पातळ केलं की विद्राव्यता वीस पटींहून कितीतरी जास्त घटते. मूळ द्रावणातही पडतो. बघायचं ते एवढंच की तुमचं ३५% आणि बाजारातलं ४०% यांच्या रेघा पहिला अर्धा तास सोबत चालतात का. शोषणाची सुरुवात त्याच वेळात होते.

---

वॉर्ड_औषधशाळा

रुग्णाच्या बाजूच्या दोन-तीन गोष्टी, कारण द्रावण उत्तम असूनही इथे माती होते.

द्रावण उपाशीपोटी, कॅप्सूल भरल्या पोटी. नेमकं उलटं आहे. कॅप्सूलला जेवण आणि आम्ल हवं. आम्लरोधक गोळ्या घेणाऱ्याला कॅप्सूल कोलासारख्या आम्ल पेयासोबत देतात ते त्यामुळेच. द्रावणात औषध आधीच विरघळलेलं असतं, जेवणाने उलट शोषण घटतं. जुलाब झाले म्हणून 'जेवणासोबत घ्या' असं सांगितलं जातं, आणि मग औषधाची पातळीच खाली जाते. त्याऐवजी वर सांगितलंय तशी मात्रा दोनदा वाटा.

द्रावण आणि कॅप्सूल एकास एक बदलू नका. द्रावणातून औषध साधारण ३०% जास्त पोचतं. सुबा कॅप्सूलचं गणित तिसरंच आहे. त्यात औषध आतड्यात सुटणाऱ्या एचपीएमसी थॅलेटमध्ये बसवलेलं असतं आणि ६५ मिग्रॅ जुन्या १०० च्या जागी धरतात.

तोंडातल्या बुरशीला १० मिली तोंडात घोळवून मग गिळायचं, लगेच चूळ भरायची नाही. म्हणून चव महत्त्वाची. आंबटपणा काही सेकंद सहन झाला पाहिजे, चेरीपेक्षा लिंबू-संत्र्याचा स्वाद या पीएचला जास्त स्वाभाविक वाटतो.

नळीतून द्यायचं असेल तर आधी आणि नंतर पाण्याने नळी धुवा, पण द्रावण पाण्यात मिसळून देऊ नका. मिसळलं तर साका नळीतच बसेल. इंजेक्शनमध्ये हे फार काटेकोर होतं : २५ मिली औषध, ५० मिली सलाइन, दुसरं कुठलंही पातळक नाही, प्रमाण बदलायचं नाही, वाटेत ०.२ मायक्रॉनची गाळणी. आणि मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटाला ३० मिलीखाली असेल तर ते देतच नसत, कारण शिरेतलं सायक्लोडेक्स्ट्रिन मूत्रातूनच बाहेर पडतं. तोंडी द्रावणात तो प्रश्न खूपच सौम्य आहे, कारण आत शोषलं जातं तेच फार थोडं.

तुमच्या बाटलीवर 'फ्रिजमध्ये गोठवू नये, पाणी मिसळू नये' ही दोन वाक्यं मराठीत मोठ्या अक्षरांत छापा. घरी सिरप म्हटलं की पाण्यात घालून देण्याची सवय आहे.

---

जठराग्नी

द्रावण_टेबल, एक राहिलं. सॉर्बिटॉल काढल्यावर द्रावणाचं आकारमान आणि घनता दोन्ही बदलतील. मोजमापाचा कप नव्याने तपासा. आणि ३५% जमलंच तर १ मिग्रॅ औषधामागे सायक्लोडेक्स्ट्रिन ४० चं ३५ मिग्रॅ होतं, म्हणजे ५ मिग्रॅ/किलो मात्रेला मुलांसाठी किलोमागे १७५. पायरीच्या खाली. ३५% साठी खटपट करायची ती या एका कारणासाठी. प्रौढांसाठी ४०% बिनसॉर्बिटॉल, दोन वेळांत वाटून, एवढ्यावर थांबलात तरी चालेल.